घोटलेला खर्रा

लकव्याने बाबांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा मी त्यांना भद्रावतीहून एसटीने चंद्रपूरला, विद्यापीठाच्या लकवा संशोधनाच्या प्रयोगशाळेत न्यायचो. डॉक्टर दाबायला रबरी चेंडू देत; बाबा तो डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकत. मग तिथला मिशाळ अटेंडंट, ज्याचं नाव मी कधी विचारलं नाही, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळून बाबांच्या उजव्या तळव्यावर ठेवायचा.

"घोटा भाऊ, हाच तुमचा व्यायाम. पन खायचा नाई, तुमाले मनाई हाये."

बाबा तासभर घोटायचे. तयार खर्रा अटेंडंट स्वतः खायचा आणि रजिस्टरमध्ये प्रगती लिहायचा.

तिसऱ्या महिन्यात एकदा बाबांनी घोटलेला खर्रा उजव्याच हाताने आपल्या तोंडात टाकला. अटेंडंट रिकाम्या पन्नीकडे बघत राहिला. मग हिरमुसल्या चेहऱ्याने त्याने रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, 'हात तोंडापर्यंत पोचला.'