तांदळाच्या डब्यातली नऊ पत्रे

प्रेमपत्राला कडुनिंबाचा वास येतो, असे माझे गेली कित्येक वर्षे ठाम मत आहे. वाळलेल्या पाल्याचा तो कडसर वास, त्याखाली जुन्या तांदळाची पिठूळ ऊब, आणि अगदी तळाशी, बोटाला चिकटून राहावा तसा, विलायतेच्या निळ्या हवाई पत्रावरल्या डिंकाचा गोडसर दर्प. ज्यांच्या पत्रांना अत्तराचा वास आला असेल, त्यांची पत्रे दिवाणखान्यात राहिली असतील. माझी तांदळाच्या डब्यात होती.

(ती तिथे का होती हे सांगायचे, तर आधी माझ्या नवऱ्याने माझ्या वडिलांना लिहिलेल्या सतरा पत्रांविषयी सांगावे लागेल.)

ऐंशी सालाच्या आगेमागे मी नाशकात मराठी घेऊन एम. ए. झाले होते आणि कविता करीत घरी बसले होते. घरची माणसे यातले फक्त बसणे मोजत. अशात देवळ्याचे स्थळ आले. घरची कांद्याची शेती. मुलगा इंजिनिअर, इंग्लंडात कारखान्यात नोकरीला, तिथे कायम राहण्याचा परवाना मिळालेला. बघण्याच्या कार्यक्रमात हे माझ्यासमोर अर्धा तास बसले. त्यातली वीस मिनिटे बाबांनी तिकडचे टपाल दिवसातून किती वेळा निघते, हे विचारण्यात घालवली. ह्यांनी प्रत्येक उत्तर आकड्यात दिले. बाबा प्रसन्न झाले. साखरपुडा झाला, रजा संपली, हे गेले.

आणि मग प्रश्न उभा राहिला, की मी तिकडे जायचे ते कोण म्हणून?

मार्ग दोन होते. एक, वाग्दत्त वधू म्हणून लगेच जायचे आणि तिथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचे. दुसरा, ह्यांना पुन्हा रजा मिळेपर्यंत थांबायचे, इथे लग्न लावायचे आणि पत्नी म्हणून अर्ज करायचा. पहिला जवळचा, दुसरा लांबचा. मला अर्थातच पहिला हवा होता. पण मला कोणी विचारले नव्हते.

"तिकडे लग्न लावणार कोण?" आईने विचारले.

"रजिस्ट्रार," बाबा म्हणाले.

"आणि तो वेळेवर नाही आला तर?"

"सरकारी माणूस आहे. येईल."

"तुम्हीही सरकारीच. आपल्या साखरपुड्याला किती वाजता पोचला होतात?"

बाबा एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. उत्तर नसलेल्या प्रश्नावर ते 'विचाराधीन' असे म्हणत. तसे ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी देवळ्याहून माझे होणारे सासरे, तात्या, कांद्याचे पोते घेऊन आले. ओसरीवर टेकून त्यांनी पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि अहिराणीत, दोन वाक्यांत आपले मत नोंदवले.

"लगीन लाईसनच धाडू. पोर काय पार्सल शे, तिकडे जाईसन उघडाले?"

लग्न लावूनच पाठवायचे, हे ऐकून आईने त्यांना दुसरा चहा केला. (इतक्या कमी शब्दांत इतके बोलणारा माणूस तिने आमच्या घरात प्रथमच पाहिला होता.)

तरीही बाबांनी घाई केली नाही. त्यांनी फुलस्केप कागद मधोमध दुमडला, डावीकडे 'वाग्दत्त', उजवीकडे 'पत्नी' असे मथळे घातले आणि ह्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. बाबांच्या प्रत्येक पत्राच्या शिरोभागी लिहिलेले असे: 'विषय: चि. सुधाच्या प्रयाणाचा मार्ग निश्चित करणेबाबत. संदर्भ: आपले पत्र क्रमांक अमुक.' मला वाटले, हे बिचकतील. हे रंगले. सातव्या पत्रापासून विषय मागे पडला आणि गप्पा सुरू झाल्या. इकडून अंबडला कारखान्यांसाठी भूखंड पडू लागल्याची बातमी जाई, तिकडून पाण्याच्या बंबाची आकृती येई. बाबांना पाय दुखतो म्हणताच ह्यांनी मोज्यांचे माप मागवले. आणि प्रत्येक पत्राच्या तळाशी, घडीवर जिथे शाई फुटते नेमकी तिथे, एक ओळ माझ्यासाठी असे: 'चि. सुधास अनेक आशीर्वाद.'

होणाऱ्या नवऱ्याकडून दर पंधरवड्याला आशीर्वाद मिळणारी मी त्या काळच्या नाशकातली एकमेव मुलगी असेन.

दोष ह्यांचा नव्हता. आमच्या घरी येणारे प्रत्येक पत्र बाबा उघडत. तेही कसे, तर भाताच्या पातेल्यावरच्या वाफेवर धरून, हलक्या हाताने डिंक सोडवीत, जेणेकरून तो निळा कागद कोपऱ्यालाही फाटू नये. मग जेवताना ते पत्र मोठ्याने वाचले जाई. अशा वाचनात टिकेल असा मजकूर आशीर्वादाखेरीज कोणता?

तेव्हा मीच एक धाडस केले. माझी मैत्रीण मंदा प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिचा पत्ता देऊन मी ह्यांना स्वतंत्र पत्र लिहिले. उत्तर आले. मंदाने ते गणिताच्या वहीत, कोनांच्या धड्यापाशी घालून माझ्या हाती दिले आणि म्हणाली, "घे. कोनात आहे." मी ते घरी आणून तांदळाच्या डब्यात, कडुनिंबाच्या पाल्याखाली सरकवले. पुढची आठही तिथेच गेली. बाबांनी आयुष्यात ज्या एकाच जागी हात घातला नव्हता, ती ही.

आता माझ्या पत्रांविषयी खरे सांगायला हवे. ती पत्रे मी लिहीत नसे, विणीत असे. एका वाक्यासाठी मी सकाळभर पेरूच्या झाडाखाली बसून राही. रामकुंडावरच्या ओल्या दगडांचा थंडावा, द्राक्षांच्या मळ्यावरून येणारा गंधकाचा वास, दुपारच्या उन्हात वाळत घातलेल्या साडीची सळसळ, सारे मी त्या निळ्या कागदावर उतरवी. पाठवताना मला वाटे, हे वाचून त्या धुक्यातल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येईल.

ह्यांच्या उत्तरात काय येई, ते पुढे येईलच. मंदा सोडून ते कोणाला कळू नये, अशी माझी त्या वेळी फार इच्छा होती.

अखेर सात महिन्यांनी फुलस्केपचा उजवा रकाना जिंकला. हे तीन आठवड्यांची रजा काढून आले. लग्न झाले, देवळ्याला अकरा दिवस नांदले, हे परतले. मी माहेरी येऊन पत्नी या नात्याने अर्ज केला. मुंबईच्या ब्रिटिश वकिलातीतून मुलाखतीचे बोलावणे आले. त्यात लिहिले होते, की पती-पत्नींचा परस्परपरिचय दर्शवणारा पत्रव्यवहार सोबत आणावा.

बाबांच्या चेहऱ्यावर तेज आले. त्यांनी सतराही पत्रांना क्रमांक घातले, भोके पाडली, हिरवी दोरी ओवली, स्वतःच्या उत्तरांच्या कार्बन प्रती मधेमधे लावल्या आणि वर पुठ्ठा चढवला. "याला म्हणतात पुरावा," ते म्हणाले.

निघायच्या दिवशी पहाटे आई दशम्या बांधत होती. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "ती पण घे."

"कोणती?"

"तांदळाच्या डब्यातली."

मी उंबऱ्यातच उभी राहिले. "तुला केव्हा कळलं?"

"भात रोज मी करते," आई म्हणाली. "वाचली नाहीत मी. पण घे. तुझ्या बाबांच्या फायलीत तू कुठेच नाहीस."

मी ती पर्समध्ये टाकली, पण मनाशी ठरवले, की बाहेर काढायची नाहीत. बाबांच्या देखत तर नाहीच.

मुंबईच्या त्या कचेरीत पंखा संथ फिरत होता. टेबलापलीकडे एक वयस्कर गोरे साहेब, शेजारी दुभाषी म्हणून चष्म्याच्या एक मराठी बाई. फाइल समजावून देण्यासाठी बाबांना मागच्या खुर्चीवर बसण्याची परवानगी मिळाली होती. साहेबांनी सतराही पत्रे उलटली, काही ओळींचे भाषांतर ऐकले, आणि बाईंच्या कानाशी काही बोलले.

"साहेब म्हणतायत, दोघांचं फार छान जमलेलं दिसतं," बाई म्हणाल्या. "पण हे दोघं, म्हटलं तर, तुमचे वडील आणि तुमचे मिस्टर."

"पत्रव्यवहार नियमित आहे आमचा," मागून बाबा अभिमानाने म्हणाले.

"मिस्टरांची पाळी कोणती असते?" बाईंनी मला विचारले.

मला ठाऊक नव्हते. "एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची," मागून बाबा.

"खोलीचा मालक कोण?"

"एक पोलिश गृहस्थ आहेत. गुडघेदुखीने त्रस्त," बाबा.

साहेबांनी हात वर करून बाबांना थांबवले आणि माझ्याकडे पाहिले. "तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. "माणूस कसा आहे?"

मी क्षणभर डोळे मिटले. "मे महिन्यातल्या विहिरीसारखे आहेत ते," मी म्हणाले. "पाणी फार खोल. पण वाकून पाहिलं तर आपलाच चेहरा दिसतो."

बाईंनी चष्मा काढला. "बाई गं, हे मी इंग्रजीत कसं सांगू? विहीर सांगू का?"

त्यांनी बहुधा विहीरच सांगितली, कारण साहेबांनी अर्जावर काहीतरी लिहिले आणि पेनाला टोपण लावले. त्या टोपणाचा 'टक्' असा बारीक आवाज आला. अर्ज फेटाळला गेला तर पुन्हा पहिल्यापासून सारे. आणखी वर्ष, कदाचित दोन. मागे फिरून वाग्दत्त होण्याचीही सोय आता उरली नव्हती. समोर टोपण लावलेले पेन, मागे बाबा. मी पर्स उघडली.

कडुनिंबाचा वास टेबलभर पसरला. चार तांदूळ साहेबांच्या टीपकागदावर सांडले.

"ही माझी," मी म्हणाले.

मागची खुर्ची करकरली. मी वळून पाहिले नाही.

बाईंनी पहिले पत्र उलगडले आणि मोठ्याने वाचले. आधी मराठीत, मग इंग्रजीत, जेणेकरून त्या खोलीत कोणीही वंचित राहू नये.

"'तुझे पत्र पोचले. संध्याकाळ गोदावरीत पाय सोडून बसली होती, असे तू लिहितेस. म्हणजे? संध्या नावाची तुझी कोणी मैत्रीण आहे काय?'"

दुसरे पत्र.

"'तुझ्या मौनाला पालवी फुटल्याचे वाचले. म्हणजे? मधले एखादे पत्र गहाळ झाले काय? टपालात चौकशी करतो.'"

तिसरे.

"'माझ्या आठवणीला पेरूच्या पानाचा वास येतो, हे कळले. म्हणजे? मी तिथे साबण तुमच्याच घरचा वापरला होता.'"

साहेबांच्या गळ्यातून काहीतरी आवाज आला. त्यांनी तो रुमालात घेतला. बाई आता थांबायला तयार नव्हत्या.

"'तुझ्या वडिलांची पत्रे मला पहिल्या वाचनात समजतात. तू त्यांच्यासारखे लिहायला का शिकत नाहीस?'"

मागून बाबांनी घसा साफ केला. त्या खाकरण्यात राग किती आणि समाधान किती, हे मी आजही सांगू शकणार नाही.

शेवटचे पत्र चारच ओळींचे होते. बाईंनी ते आधी मनात वाचले आणि मग जरा हळू आवाजात मोठ्याने.

"'तुझे पत्र पाच वेळा वाचले. खोलीत थंडी आहे म्हणून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले आहे. अजून समजलेले नाही. लवकर ये आणि समोर बसून सांग.'"

पंखा फिरत राहिला. साहेबांनी बाईंना काही विचारले, बाईंनी मला.

"साहेब विचारतायत, हे नेहमीच असं लिहितात?"

"नेहमी," मी मान खाली घालून म्हणाले.

साहेबांनी पेनाचे टोपण काढले. बाई हसू दाबत म्हणाल्या, "साहेब म्हणतायत, अकरा दिवसांच्या मानाने संसार बराच पुढे गेलाय तुमचा. इतकं तर यांच्या घरी तीस वर्षांनी सुरू झालं."

आणि त्यांनी सही केली.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले होते. दादर गेले, कल्याण गेले. फाइल मांडीवर, हिरवी दोरी बोटाभोवती गुंडाळलेली. कसारा आला तसा डब्यात ओल्या कातळाचा वास शिरला. आईच्या दशम्या आम्ही खाल्ल्या. आपण बाबांना दुखावले, हे मला कळत होते, आणि क्षमा मागायची तर ती साजेशा शब्दांत मागावी, म्हणून मी कल्याणपासून एक वाक्य जुळवत होते. घाट लागल्यावर ते पुरे झाले.

"बाबा," मी म्हणाले, "काही पत्रं टपालाने येतच नाहीत. ती आपल्या आत आधीपासून कोरी पडलेली असतात. कुणाच्या तरी बोटांची ऊब लागली, की अक्षरं हळूहळू उमटतात. मी ती तुमच्यापासून लपवली नव्हती हो. फक्त मुरायला ठेवली होती."

बाबांनी दशम्यांच्या डब्याचे झाकण लावले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. एक बोगदा गेला. दुसरा गेला. मग ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. कपाळावर एकच बारीक, प्रामाणिक आठी होती. ह्यांच्या नऊ पत्रांतून मला दर वेळी दिसत आलेली नेमकी तीच. सात महिने फुलस्केपच्या दोन रकान्यांत मार्ग शोधत बाबांनी मला कुठून कुठे पाठवायचे ठरवले होते, ते त्या क्षणी मला लख्ख दिसले.

बाबा म्हणाले, "म्हणजे?"