आईची तेलुगू, पहिल्या ओळीपासून

हैद्राबादेत एवढी वर्षं राहून तेलुगू येत नाही म्हटलं की लोक आईकडे असं बघतात, जणू ती हट्टाने शिकली नाही. अहो, लागलीच नाही तिला कधी. लग्न होऊन नांदेडकडच्या खेड्यातून ती अंबरपेठेत आली. इथे भाजीवाला उर्दूत बोलतो, ऑटोवाला उर्दूत बोलतो, समोरच्या तेलुगू आंटी आईला बघितलं की आपोआप उर्दूवर येतात. घरात मराठी. अशी वर्षंच्या वर्षं निघून गेली, आणि तेलुगू लागली ती शेवटी एका खुर्चीसाठी.

आधी खुर्चीचं सांगते, नाहीतर मी घाईघाईत पुढेच पळेन.

आमच्या घराजवळ एक स्कॅन सेंटर आहे. एक्स-रे, सोनोग्राफी, असलं. आई तिथे झाडू-पोछा करायची. तिचे गुडघे गेलेत. पोछा मारताना एक हात भिंतीला लावून ती खाली वाकायची, आणि उठताना त्याच भिंतीला धरून उठायची. घरी आली की आधी दारातच बसायची, चपला काढायच्या निमित्ताने. चपला केव्हाच निघालेल्या असायच्या, ही तशीच बसलेली.

तर तिथली अटेंडर पोरगी लग्न करून गेली. अटेंडरचं काम म्हणजे एक्स-रेच्या खोलीबाहेर खुर्चीवर बसायचं, पेशंट आला की त्याला सांगायचं: काही खाल्लं का, दागिने काढा, फोन इथे ठेवा, आत या, झोपा, श्वास धरा. एवढंच. सेंटरच्या मॅडम आईला म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत तयारी करा, मग एक दिवस बसवून बघते, जमलं तर तुमचं. फक्त तेलुगू पाहिजे, कारण बाजूच्या गावांतून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना उर्दू समजत नाही. नाही जमलं तर परत पोछा.

पगार थोडा वाढणार होता, पण आई पगाराचं बोललीच नाही. घरी येऊन पप्पांना म्हणाली, "खुर्चीला पाठ टेकायला आहे."

आता मी बी.एड. करते. त्याच दिवसांत आबिड्सच्या कॉलेजात सर आम्हाला शिकवत होते की प्रत्येकाचं डोकं वेगळ्या तऱ्हेने शिकतं. कुणाला बघून येतं, कुणाला ऐकून, कुणाला हाताने करून. कुणी भाषा सुटी करून शिकतं, कुणी अख्खीच्या अख्खी उचलतं. सर असंही म्हणाले होते की ह्या कप्प्यांवर जास्त भरवसा ठेवू नका, माणूस एका कप्प्यात बसत नाही. ते मी ऐकलंच नाही. मला एकदम वाटलं, हे आईला लावून बघू! मी लगेच ठरवूनसुद्धा टाकलं की आई बघून शिकणारी आहे, कारण तिला कुठल्या डब्यात काय आहे ते न उघडता कळतं.

मग काय. रंगीत चिठ्ठ्या. फ्रिजवर, गॅसच्या शेगडीमागे, आरशावर. देवनागरीत तेलुगू, खाली मराठी अर्थ. कामाचे शब्द लाल, प्रश्न पिवळे. मी सकाळी पाचच्या गजराला उठून प्रॅक्टिस टीचिंगचे लेसन प्लॅन लिहायची, दिवसभर एका शाळेत पोरांसमोर घसा फोडायची, बसमध्ये उभी राहून घरी यायची आणि मग आईला समोर बसवायची. तिचे डोळे मिटत असायचे, माझेही. "तिन्नारा म्हणजे खाल्लं का. तागारा म्हणजे प्यायलं का. बघ, शेवट सारखा आहे ना? मग झोपलात का, हे काय होईल?"

आई माझ्याकडे बघत राहायची. शेवटी एकदा म्हणाली, "तू मला भाषा शिकवतेस का भाषेचं पोस्टमॉर्टम करतेस?"

पप्पा आतून हसले. मला राग आला. कारण मी स्वतः तेलुगू अशीच शिकले होते ना, शाळेत, चिरून चिरून. मला काहीही असंच समजतं: आधी का, मग कसं, मग तोंडात. एखादा शब्द कशाचा बनलाय ते कळल्याशिवाय मी पुढे जाऊच शकत नाही. मला वाटायचं सगळ्यांचंच असं असतं, फक्त कुणी आळशी असतं.

दुसऱ्या दिवशी बघते तर पिवळी चिठ्ठी घडी करून खिडकीच्या फटीत. खिडकी वाऱ्याने वाजत होती म्हणे.

त्यावरून आमचं भांडण झालं. मी बोलले की तुला नाहीच शिकायचं. ती ओरडली नाही. तांदूळ निवडत होती, ते निवडतच राहिली आणि म्हणाली, "माझं डोकं तुझ्या डोक्यासारखं नाही चालत. आता ह्या वयात दुसरं कुठून आणू?" दमलेल्या माणसाशी भांडताना जिंकल्यासारखं वाटतच नाही, आपणही तेवढेच दमलेले असलो तर अजूनच नाही.

रविवारी आम्ही विहारात गेलो. आई दर रविवारी जाते, पांढरी साडी नेसून. मी कधी जाते, कधी झोपते. त्या दिवशी भांडणाची भरपाई म्हणून गेले. वंदना सुरू झाली. मी वंदनेचं पुस्तक घेऊन बसले. शाळेत मराठी कधी नव्हतं, म्हणून माझं मराठी वाचन म्हणजे देवनागरीवर बोट ठेवून चालणं, त्यात ही पाली. त्यामुळे सगळे तिसऱ्या ओळीवर तेव्हा मी पहिलीच्या मध्यावर, आणि प्रत्येक शब्दाला अडखळते की ह्याचा अर्थ काय, हा असा का. लहानपणापासून माझं हेच. मला अजून वंदना पाठ नाही.

बाजूला आई. डोळे बंद, पाठ ताठ, आणि एकामागून एक ओळी निघतायत. ना थांबणं, ना चाचपडणं. गुडघे दुमडून बसलेली असूनही चेहऱ्यावर दुखल्याची खूण नाही. अख्खी पाली, जी ना तिची भाषा ना माझी. आणि ही बाई चार शब्द तेलुगूला अडते?

परत येताना मी विचारलं, तू ही शिकलीस कशी. ती म्हणाली, कशी म्हणजे? गावात एक मावशी पुढे म्हणायची, आम्ही पोरी मागे म्हणायचो. पुस्तक कुणी बघितलंय.

"आणि अर्थ?"

"आधी तोंडात बसलं, अर्थ मागून आला. काही काहीचा अजून यायचाय."

मी रस्त्यातच थांबले. खरंच थांबले, मागचा स्कूटरवाला काहीतरी बोलून गेला. आईचं डोकं कसं चालतं ते ती दर रविवारी माझ्याशेजारी बसून दाखवत होती, आणि मी तिला डब्यांवरून ओळखायला निघाले होते!

त्या संध्याकाळपासून चिठ्ठ्या बंद. ती कणिक मळायची, मी ओट्याला टेकून पुढे म्हणायची, ती मागे. अर्थ मी एकदाच सगळा मराठीत सांगून टाकला आणि नंतर त्याचं नावही काढलं नाही. एमैना तिन्नारा. नगलु तीसेयंडी. फोन इक्कड पेट्टंडी. लोपलिकि रंडी. पडुकोंडी. ऊपिरि पट्टंडी. वदलंडी. ‘काही खाल्लं का’पासून ‘श्वास धरा, सोडा’पर्यंत, एका चालीत, तीच चाल दर वेळी. सगळ्यात शेवटी मी माझ्या मनाने एक ओळ जोडली: एं कादु. म्हणजे काही होत नाही, घाबरू नका. ती काही सेंटरच्या कामात नव्हती, पण चालीत छान बसत होती.

आणि बसलं! आठवड्याच्या आत बसलं. आई कपडे वाळत घालताना म्हणायची. पप्पांना जेवायला वाढताना फोन इक्कड पेट्टंडी, आणि पप्पा खरंच फोन बाजूला ठेवायचे. मी इतकी खूश की कॉलेजात ज्याला-त्याला धरून सांगत होते. सरांनासुद्धा सांगितलं. ते म्हणाले, छान, आता तिला मधलंच एखादं वाक्य विचारून बघ.

घरी येऊन विचारलं. "आई, पेशंटला फोन ठेवायला सांग."

आईचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ. एमैना तिन्नारा, मग दागिने, मग एकदम आवाज फुटला, "फोन इक्कड पेट्टंडी."

"पहिल्यापासून नको ना, डायरेक्ट म्हण."

"मधूनच कसं सुरू करू? आगा ना पिछा."

मी श्वास धरा विचारलं, ती पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. जसं वंदनेत मधेच कुणी थांबवलं की सुरुवातीपासून म्हणावं लागतं, तसं. मी चिठ्ठ्या काढून पिसल्या, एकेक दाखवली. ती बघून म्हणाली, आज नक्को, डोकं फुटेल. मीही मग जोर केला नाही. महिना संपत आला होता. मला माझे लेसन प्लॅन होते, तिला तिचे गुडघे होते.

मॅडम आईला खुर्चीवर बसवून बघणार होत्या त्या दिवशी माझ्या शाळेला सुट्टी होती. आईचा डबा द्यायच्या निमित्ताने मी सेंटरला गेले आणि पेशंटच्या बाकावर बसून राहिले. मॅडम काउंटरला उभ्या. आई खुर्चीवर, पण पाठ टेकवलेली नाही.

पहिले काही पेशंट सरळ निघाले. आई ओळीने म्हणत गेली, ते ओळीने करत गेले. मग एक म्हातारी आली. तिची सून पैसे भरायला काउंटरला गेली होती. आईने तिला विचारलं, सांगितलं, आत नेलं. दार अर्धं उघडं होतं, मला दिसत होतं. टेबलाजवळ गेल्यावर म्हातारी झोपेचना. मशीनकडे बघून तिने आईला विचारलं, दुखेल का.

प्रश्न आईला कळला, ते तिच्या तोंडावर दिसलं. उत्तरही तिच्याकडे होतं. पण ते होतं सगळ्यात शेवटी.

आईने डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरू केलं. पुटपुटत. खाल्लं का, दागिने काढा, फोन इथे ठेवा. बाहेर रांगेतला एक माणूस हसून म्हणाला, पेशंटने विचारलं काय आणि ही म्हणतेय काय. मला बाकावरून ओरडून सांगावंसं वाटत होतं, शेवटची म्हण, शेवटची! आणि म्हातारी? तिला कानाने कमी, ते पुटपुटणं नीट ऐकूच येत नव्हतं. तिला दिसत होतं ते एवढंच की एक बाई डोळे मिटून आपल्यासाठी काहीतरी म्हणतेय. तिने हळूच हात जोडले आणि थांबून राहिली.

आई शेवटच्या ओळीला पोचली. डोळे उघडून तिला म्हणाली, "एं कादु."

म्हातारी टेबलावर झोपली.

एक्स-रे निघाला. जाताना तिने आईच्या गालावरून हात फिरवला. मला वाटलं, झालं, खुर्ची आपली! पण मॅडम वाईट नव्हत्या आणि आंधळ्याही नव्हत्या. रांग कुठपर्यंत गेली होती ते त्यांना दिसत होतं. दुपारी त्यांनी आईला बोलावलं. मी तिथेच होते.

"काम अच्छा है अम्मा," त्या म्हणाल्या. "लेकिन बाहर पब्लिक कुछ भी पूछती. तुम अंदर रहो."

म्हणजे पोछा सुटला. एक्स-रेच्या खोलीत पेशंटला झोपवायचं, श्वास धरायला सांगायचं, तिथे ओळींचा क्रम कधी बदलत नाही. बाहेर प्रश्नांची उत्तरं द्यायला नवीन तेलुगू पोरगी येणार. आणि खुर्ची बाहेर आहे. आत खुर्ची नाही, आत दिवसभर उभं राहायचं.

घरी चालत येताना मी खूप बडबडले. की अजून महिना दिला असता तर मी तुला ओळी सुट्या करायला शिकवलं असतं, की चूक माझी, मी त्या एका माळेत ओवल्या, की आता असं करू आणि तसं करू. आई गेटाला धरून पायरी चढली, नेहमीसारखी दारातच बसली. चपला काढल्या. मी तिच्याशेजारी बसले, माझ्याही अंगात काही उरलं नव्हतं.

"वाकायचं तर सुटलं," ती म्हणाली.

मग म्हणाली, स्टूल मागितला होता तिने मॅडमना, आतल्या कोपऱ्यात ठेवायला. उर्दूत मागितला. त्या हौ हौ म्हणून गेल्या.

"तेलुगूत कसं मागायचं ते सांग. तेलुगूत मागितलं तर मनावर घेतील. पण शेवटी जोड हां, मधे घुसवू नको."

मी सांगितलं, ओक स्टूल इव्वंडी. हे वाक्य तू एवढंच, सुटं म्हण, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तिने गुडघ्यावर हात ठेवून डोळे मिटले. एमैना तिन्नारा, तिने सुरू केलं, आणि मीही तिच्या मागे म्हणायला लागले.