अक्कांची झोप

आमच्या थोरल्या जाऊबाईंपेक्षा जास्त झोपलेलं माणूस अख्ख्या औराद तालुक्यात कुणी दाखवलं, तर मी त्याला पाटावर बसवून पुरणपोळी वाढीन. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. भाकरी थापता थापता अक्कांचा डोळा लागायचा, हात मात्र फिरतच राहायचे, म्हणून आमच्याकडच्या काही भाकऱ्या परातीएवढ्या व्हायच्या. एकदा आठवडी बाजारात चिंचेचा भाव ऐकता ऐकता त्या पोत्याला टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटले. विकणाऱ्याला वाटलं बाई रुसली, त्यानं आपणहून भाव उतरवला. वैशाखात जमीन तव्यासारखी तापलेली असताना अक्का लोकरीची शाल पांघरून म्हणायच्या, "गारवा सुटलाय, न्हाई का?" सकाळी विचारलेल्या गोष्टीचं उत्तर दुपारी भांडी घासताना मिळायचं: "व्हय, मीठ टाकलंय." आता कशात, ते आमचं आम्ही आठवायचं.

मी तोंडाळ बाई. दिवसातून दहादा "अक्का, उठा!" असं खेकसायची. पण त्यांची स्वप्नं ऐकायला मात्र हातातलं काम टाकून बसायची, हे कबूल करते. उन्हं ओसरीवरून सरकत असायची, माशीसुद्धा आळसावलेली, आणि अक्का अर्धवट मिटल्या डोळ्यांनी सांगायच्या, "आपली म्हैस कानडीत बोलायलती गं. मी मराठीत बोलायलते. पण भांडण बराबर चालू हुतं." एकदा स्वप्नातल्या विहिरीला दार होतं आणि आत त्यांच्या हुलसूरच्या माहेरचं अंगण होतं. ऐकता ऐकता माझीही मान डुलायची. एकंदरीत त्या घरात काम कमीच व्हायचं.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, आमच्याकडे सगळं घर शेतात जातं. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली असते, हरभरा घाट्यांवर आलेला असतो, कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि मग मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. आंबिलाचं बिंदगं, म्हणजे घागर, घरापासून शेतापर्यंत डोक्यावरून न्यायचं, हा आमच्या घरात थोरल्या सुनेचा मान. अक्कांनी तो वीस वर्षं थेंब न सांडता सांभाळला. मागच्या येळवशीला मात्र त्या बांधापाशी "जरा टेकते" म्हणून बसल्या, तिथंच डुलकी लागली आणि बिंदगं कलंडलं. सगळी आंबील मातीत! आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, चार माणसांत कडाडल्या, "आळशाला मान कशाला? फुडल्या साली धाकटी न्हेईल." धाकटी म्हणजे मी. खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या.

संध्याकाळी अक्का रिकामं बिंदगं घासत बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, आवाज पुरुषासारखा घोगरा. म्हणाल्या, "मी आळशी न्हाई गं. पण समदे म्हणायलेत, तर आता मलाच खरं वाटायलंय." त्या दिवशी त्यांनी स्वप्न सांगितलं नाही. माझ्या गुदगुल्या कुठल्या कुठे गेल्या. मेली मी एवढी वर्षं नुसती हाका मारत राहिले, कधी जवळ बसून विचारलं नाही.

मी त्यांना बीदरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी मान चाचपली, थंडी वाजते का, केस गळतात का, वजन वाढलंय का, असं विचारलं आणि रक्त तपासायला दिलं. मग सांगितलं, गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंद झाली आहे, म्हणून सगळं शरीरच मंद चाललंय. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आणि बहुधा ती जन्मभर. अक्कांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "म्हंजी मी आळशी न्हाई?" "नाही, हा आजार आहे." "मग तसं कागदावर लिहून द्या." तो कागद त्यांनी चुलीवरच्या भिंतीला चिकटवला. आत्याबाईंना वाचता येत नाही, म्हणून मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. आत्याबाईंनी जवळ जाऊन कागदावरून एकदा बोट फिरवलं.

पण तीन महिने झाले तरी अक्का शालीतच! रक्ताचा अहवाल जसाच्या तसा. डॉक्टरीणबाई गोळी वाढवणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "गोळी कशासोबत घेता?" "चहासंगं," अक्का म्हणाल्या. "पूजेआधी पाणी कसं प्यायचं?" आमच्या घरची रीतच तशी: पूजा होईस्तोवर तोंडात पाण्याचा थेंब नाही, चहा मात्र चालतो. चहाला देवाची हरकत आहे, असं आजवर कुणालाच वाटलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. चहानं गोळी अंगी लागत नाही, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची आणि पुढं तासभर काही नाही, हे बजावलं. घरी येऊन अडलं ते पाण्यापाशीच. शेवटी आत्याबाईच उठल्या. पाण्याचा तांब्या त्यांनी देवापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "हे तीर्थ हाय. तीर्थाला कशाचा नियम? घे त्यासंगं." त्या दिवसापासून अक्कांचा तास भरेपर्यंत आत्याबाईंनीही चहाला हात लावला नाही.

हळूहळू अक्का जाग्या झाल्या. चेहऱ्याची सूज उतरली, आवाज परत आला, शाल पेटीत गेली. भाकऱ्या भाकरीएवढ्या झाल्या. आता त्याच माझ्यावर खेकसू लागल्या. मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण ओसरीवरची उन्हं एकटीच सरकत राहायची, आणि म्हैस काय म्हणाली ते सांगायला कुणी नसायचं.

यंदाच्या येळवशीला आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं चुंबळ वळली आणि अक्कांच्या डोक्यावर ठेवली. वर आंबिलाचं बिंदगं चढवलं. मी श्वास धरून मागं चालत होते. त्याच बांधापाशी अक्का थांबल्या. मी बिंदगं धरायला हात पुढं केले. त्यांनी फक्त पदर सावरला आणि पुढं निघाल्या. थेंब सांडला नाही.

जेवणं झाली. बघते तर कोपीच्या सावलीत अक्का गाढ झोपलेल्या! मी धावत गेले. गदागदा हलवलं, "अक्का, आज गोळी घेतली न्हाई का?"

डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "घेतली की. ती झोप आजाराची हुती. ही माझी हाय. कामून उठवायलीस?"

मी गुपचूप त्यांच्या शेजारी आडवी झाले. ज्वारी वाऱ्यानं सळसळत होती. म्हटलं, "म्हैस भेटली, तर माझा निरोप सांगा."

"कानडीत सांगू का मराठीत?" अक्कांनी विचारलं, आणि मी काही सांगायच्या आत त्या झोपल्या.