तीन बरण्यांचं पाणी

हरिदास माझ्याशी कधी खोटं बोलला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बोलला असता तर बरं झालं असतं, मला त्याच्यावर राग तरी धरता आला असता. आता सगळा राग माझ्याच वाट्याला आला आहे आणि तो म्हातारपणीही कमी होत नाही.

तो नाचणगावचा. वर्ध्याला आमच्या कॉलेजात तो प्रयोगशाळेचा शिपाई होता आणि मी डेमॉन्स्ट्रेटर. छप्पन्न साली नागपूरला जाऊन त्याने आणि त्याच्या बायकोने, पंचफुलाने, धम्मदीक्षा घेतली. परत आल्यावर एवढाच फरक दिसला की पूर्वी तो दारात उभा राहून बोलायचा, तो आता आत येऊन बोलू लागला. पाण्याच्या बाबतीत मात्र तो पहिल्यापासून हट्टी. लहानपणी गावच्या विहिरीवर त्याच्या आईला घडा खाली ठेवून लांब उभं राहावं लागे. कुणाला दया आली तर तो घड्यात पाणी ओतून जाई, आणि पुष्कळदा तळातलं गाळाचंच ओती. ते पाणी पिऊन हा वाढला. "गढूळ पानी कोन्त्याच जिवाले देऊ नये जी," असं तो म्हणायचा आणि सकाळी सातला येऊन आधी सगळे माठ रिकामे करून ताजं पाणी भरायचा. आम्ही त्याची थट्टा करायचो.

अठ्ठावन्न साली पंचफुला आजारी पडली. गळा सुजला, डोळे बाहेर आल्यासारखे दिसू लागले, हात थरथरू लागले. चार भाकरी खाल्ल्या तरी अंगाला लागेनात. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा रस फार तयार होतोय, त्यानेच काळीज पळतंय. त्यांनी गोळ्या दिल्या. जरा उतार पडतो तोच ताप भरला, घसा सोलवटला, गोळ्यांनी रक्तच बिघडवलं. गोळ्या कायमच्या बंद. उरलं ऑपरेशन. गळ्यावर सुरी म्हटल्यावर बाई रडून रडून अर्धी झाली. डॉक्टर म्हणाले, "धोका आहे, पण थांबण्यात जास्त आहे." त्यांनी पोळ्यानंतरची तारीख दिली.

आमचे प्रोफेसर प्रभाकरराव तेव्हा याच रसाच्या मागे लागले होते. ग्रंथीला हात लावायचा नाही, रस शरीरात जिथे जाऊन काम करतो ती जागाच अडवून ठेवायची, अशी त्यांची कल्पना. "समुद्रपूरच्या मोटारीत लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, वासुदेवराव? आपल्याला तसा रुमाल बनवायचाय," असं ते मला म्हणायचे. म्हणजे बांधणीत रसासारखाच, पण स्वतः काहीच न करणारा पदार्थ. दोन वर्षं खपून त्यांनी एक पांढरी पूड तयार केली.

तिची परीक्षा बेडकांच्या शेपटीवाल्या पिलांवर. हा रस पाण्यात घातला की पिलांना भराभर पाय फुटतात, शेपटी जिरते आणि बेडूक होतो. पूड खरोखर जागा अडवत असेल, तर रस असूनही शेपटी राहायला हवी. आम्ही धाम नदीकाठच्या डबक्यातून पिलं आणली आणि सहा बरण्या मांडल्या. सहाही बरण्यांत रस, त्यातल्या तीन बरण्यांत वरून पूड. पूड नीट विरघळली नाही, त्या तीन बरण्यांचं पाणी ताकासारखं पांढरट झालं.

दहाव्या दिवशी नुसत्या रसाच्या तीन बरण्यांत इवलेसे बेडूक होते. पुडीच्या तिन्ही बरण्यांत पिलं शेपट्या हलवत फिरत होती. प्रभाकररावांनी टेबलावर हात आपटला. "आणि पूड विरघळली बघा किती छान! पाणी कसं नितळ झालंय!" मीही मान डोलावली.

हरिदासने त्यांच्यापुढे हात जोडले. ते म्हणाले, "अरे, अजून उंदरालासुद्धा दिलेली नाही ही. माणसाला द्यायची? वेड लागलंय का तुला?" मग तो माझ्याकडे आला.

"सर, परवाची तारीख हाय. ऑपरेशनले नेऊ का थांबू? तुमी डोयानं पाह्यलं ना जी, शेपटी तशीच राह्यली?"

पाहिलं तर होतंच. मी प्रभाकररावांना न विचारता बाटलीतली अर्धी पूड कागदात बांधून त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "थांब." तो एक शब्द मी उगाच, मोठेपणाने बोललो.

तारीख गेली. रोज सकाळी तो मला सांगायचा, "काल झोपली जी," "आज हात कमी थरथरून राह्यला." आशा धरलेल्या माणसाला जे दिसतं तेच त्याला दिसत होतं, आणि मलाही. पुढे तिला उठवेना, तेव्हा त्याने रजा काढली. त्याच दिवसांत प्रभाकररावांनी तीच परीक्षा पुन्हा लावली, आणि सहाही बरण्यांत बेडूक झाले. पुडीच्या तीन बरण्या शेवटपर्यंत पांढरट राहिल्या. "मागच्या वेळी नितळ कशा झाल्या होत्या हो?" प्रभाकररावांनी विचारलं, आणि मला हरिदासचे रोज सकाळी रिकामे होणारे माठ आठवले.

मी सायकल काढून त्याच्या घरी गेलो. पंचफुला बाजेवर होती, गळ्याची शीर लांबूनही उडताना दिसत होती. मी त्याला बाहेर बोलावून बरण्यांतल्या पाण्याचं विचारलं.

"हाव जी, मीच बदलवलं," तो म्हणाला. "त्या तीन बरन्यांतलं गढूळ झालं होतं. रोज सकाळी फेकून ताजं भरलं. बाकीचं साफ होतं, तर त्याले हात नाई लावला. काऊन?"

मी त्याला समजावून सांगितलं. पाण्याबरोबर रसही गेला होता. रसच नव्हता, म्हणून शेपट्या राहिल्या. पुडीने काहीही केलं नव्हतं. ऐकून त्याने आत जाऊन पंचफुलाला उचललं. दुपारच्या गाडीने आम्ही तिला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी नाडी धरली आणि विचारलं, "तारखेला का नाही आणलंत?" माझं नाव हरिदासने घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही. चौथ्या दिवशी पंचफुला गेली.

हरिदासला पूड दिल्याचं मी प्रभाकररावांना कधी सांगितलं नाही. आम्ही दोघं एवढे शिकलेले, पण हे पाणी बदलू नकोस आणि का बदलू नकोस, हे त्याला सांगावं असं एकालाही सुचलं नव्हतं. शिपायाला काय सांगायचं, असं आम्ही धरून चाललो होतो. याची मला लाज वाटते आणि वाटायलाच हवी.

पंधरा दिवसांनी तो कामावर आला. टेबलावर नव्या पुडीच्या बरण्या मांडल्या होत्या, पुन्हा तशाच पांढरट. ताज्या पाण्याचा घडा घेऊन तो त्यांच्यापुढे थांबला, पिलांकडे पाहत राहिला. मग घडा जमिनीवर ठेवून दारात जाऊन उभा राहिला.

"सर," तिथूनच त्याने विचारलं, "मी साफच पानी टाकलं होतं ना जी?"

मी हो म्हणालो. आत ये म्हणालो. तो आला नाही.