चाकणला गुरुवारी ऊन जास्त होतं

“वीज मोठ्याकडून लहानाकडे येते, उलटी कधी जात नाही,” असं बाबा म्हणाले होते. ते पिंपरीतल्या एका कंपनीत वायरमन होते. मी सातवीत असताना फ्यूज बांधता बांधता त्यांनी हे इतक्या खात्रीनं सांगितलं, की मी ते विजेपुरतं न ठेवता सगळ्या जगाला लावून टाकलं. गेल्या गुरुवारी चाकणकडे जाऊन आले आणि कळलं, वीज उलटीही जाते. फक्त ती तशी गेलेली कुणाला चालत नाही.

निमित्त सुनंदाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं. म्हाळुंग्याजवळच्या एका गल्लीत तिचा प्लास्टिकच्या क्लिपा बनवायचा छोटा कारखाना आहे. अकरा बायका कामाला. ज्या मोठ्या कंपनीला ती माल देते, तिनं कळवलंय की एप्रिलपासून अर्धी वीज सौर हवी, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे जाईल. सुनंदानं छतावर सोलर बसवायचा अर्ज केला, तर वीज कार्यालयातून तो परत आला. “ताई, तुला लिहिता येतं. चल, दुसरा अर्ज लिहून दे,” म्हणाली. माझ्या लेखणीवर एवढा विश्वास आजवर एकाही संपादकानं दाखवलेला नाही. निघाले.

तुम्हाला जायचं असेल तर गुरुवारीच जा. आपल्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, कारण विजेच्या लायनींची दुरुस्तीही गुरुवारी. संत तुकाराम नगरहून निगडीला बस, तिथून तळवड्याला दुसरी. एरवी तळवडे चौकात इतकं अडकायला होतं की शेजारच्या रिक्षातल्या बाईशी घरोबा होतो. त्या दिवशी कुणाची ओळखसुद्धा झाली नाही. सुनंदा स्कूटर घेऊन उभी होती. आधी मिसळ खाल्ली. नव्वद रुपये, तर्री मागाल तितकी. पंखा मात्र मागूनही मिळाला नाही, कारण एक वाजेपर्यंत शटडाऊन होतं.

इंद्रायणी ओलांडून पुढे गेलं की एका कंपनीच्या फाटकावर भलीमोठी पाटी दिसते. हिरवं पान, आणि खाली ‘आम्ही निसर्गाचे’. पाटीमागून डिझेल जनरेटरचा काळा धूर निघत होता. मी मोबाइल काढला.

“फोटो काढायचा न्हाई मॅडम,” वॉचमन म्हणाला.

“पाटीचा काढतेय हो.”

“पाटीचा काढा की. पण त्यात धूर येऊ दिऊ नका.”

सुनंदाच्या शेजारी कदमभाऊंचं लेथचं वर्कशॉप आहे. त्यांनी मागच्या दसऱ्याच्या आधी छतावर सोलर बसवलं आणि खंडेनवमीला मशीनांबरोबर पॅनलचीही पूजा केली. झेंडूची माळ जानेवारीतही पॅनलवर होती, पार वाळून दोरखंड झालेली.

“भाऊ, तिची सावली पडून वीज कमी होते,” सुनंदानं मला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना सांगितलं.

“नवमीची माळ हाय, पुढच्या नवमीलाच निघंल,” कदमभाऊ म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “लाइट गेली तरी आपलं चालू राहील म्हणून बसवलं ओ ताई. आता बघा, वर टक्क ऊन आन् खाली अंधार! लाइन बंद तर सोलरबी बंद. का, तर लायनीवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये.”

“ते बरोबरच आहे की.”

“बरोबरच हाय. पण आधी कुणी सांगावं का न्हाई?”

एक वाजता लाइट आली. कदमभाऊंच्या सोलरच्या इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागला, ते हसले, आणि पाच मिनिटांत दिवा लाल झाला. “रुसला!” ते म्हणाले. दर गुरुवारी रुसतो म्हणे.

का रुसतो, ते आम्ही दुपारी वीज कार्यालयात गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी सांगितलं. माणूस भला, दमलेला.

“तुमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर वीज द्यायला बसवलाय, परत घ्यायला नाही. इतर दिवशी कदमांची जास्तीची वीज शेजारची मशीनं खाऊन टाकतात. गुरुवारी गल्ली बंद, ऊन चालू. वीज जाणार कुठे? व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर बंद पडतो. त्यात तुमचं सोलर कुठे घालू?”

“मग मोठा ट्रान्सफॉर्मर बसवा,” मी म्हटलं.

“प्रस्ताव वर गेलाय.”

“वर म्हणजे कुठे?”

त्यांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. “वर.”

“आणि वीज साठवायला बॅटरी?”

“तीही वरच आहे.”

मग सुनंदा म्हणाली, “साहेब, अडचण गुरुवारचीच ना? मग गुरुवारी आम्ही आमचं सोलर बंद ठेवतो. खटका पाडून कुलूप लावा. किल्ली तुमच्याकडे ठेवा.”

साहेब म्हणाले, “मॅडम, तुमचं म्हणणं बरोबर आहे.” आणि त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे फिरवला. “पण फॉर्मवर दोनच पर्याय आहेत. क्षमता आहे, क्षमता नाही. ‘गुरुवार सोडून आहे’ असा रकानाच नाही.”

“कागदावर लिहून दिलं तर?”

“द्या. घेईन. मंजूर होणार नाही, हे आत्ताच सांगतो.”

परतताना स्कूटरवर सुनंदानं मागे न बघता विचारलं, “ताई, त्या अकरा जणींना मी काय सांगू?” मी तिचा खांदा नुसता धरून ठेवला.

घरी आल्यावर प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर धुराचा फोटो राहिल्याची हळहळ आणि सुनंदाचा तो प्रश्न. साहेबांवर रागावून बघितलं, जमलं नाही. खरं बोलणाऱ्या माणसावर रागावणं फार कष्टाचं असतं. मोठ्या कंपनीपासून छोट्या कारखान्यापर्यंत सगळे सूर्याला या म्हणतात, आणि तो आला की त्याला बसायला पाट नसतो.

अर्जाचे तीन खर्डे केले. पहिल्या दोनांत टोमणे होते, ते फाडले. तिसरा उद्या सुनंदा नेऊन देईल:

“महोदय, आमच्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरला फक्त गुरुवारचं ऊन सोसत नाही, असं आपणच सांगितलंत. गुरुवारी आम्ही आमचं सोलर कुलपात ठेवू. उरलेले सहा दिवस अकरा बायकांचं काम चालेल एवढं ऊन वापरायची आम्हाला परवानगी द्यावी, ही विनंती.”