सर्व्हरला लावलेली हळद

परवा सकाळी साडेआठला आमच्या दूध केंद्रातला सर्व्हर परत झोपला... सलग नववा दिवस! डोकं असं फिरलं होतं की समोर येईल त्याला फाडून खाल्लं असतं.

मी कोल्हापूरजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात कॉम्प्युटर सांभाळतो. सकाळी गावोगावचं दूध एकदम येतं, आणि प्रत्येक कॅनचं वजन, फॅट नेटवर्कवरून सर्व्हरला जातं. तो अडकला की टेम्पोची रांग पार रस्त्यापर्यंत, आणि ऑक्टोबरच्या उन्हात दूध नासायची भीती.

रीस्टार्ट केला की शहाण्यासारखा चालायचा. गर्दी झाली की मेमरी फुल, पुन्हा ठप्प. सपोर्टवाल्याचं एकच पालुपद, ट्रॅफिक जास्त आहे, मेमरी वाढवा. वाढवली... तर साडेसातऐवजी साडेआठला झोपायला लागला!

मग मी खापर फोडलं आक्कांवर. आक्का वीस वर्षं वजनकाट्यावर आहेत. खंडेनवमीला सकाळचं दूध उरकलं की काम बंद ठेवून सगळ्या मशीनची पूजा त्याच करतात. यंदाही सर्व्हरला हळदकुंकू लावलेलं, आणि दुसऱ्याच दिवसापासून हे दुखणं सुरू झालेलं. "हळदच आत गेली असणार," असं मॅनेजरना सांगून मी मोकळा झालो, आणि त्यांनी आक्कांना घरी बसवायचं ठरवलं.

आक्का रडल्या नाहीत. थेट माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, हळद मी दरसाल लावतो की. औंदा काम बंद हुतं तवा तुमीबी कायतरी करत बसलतासा न्हवं?"

मी खवळून काहीतरी बोलायला गेलो... आणि एकदम आठवलं.

काम बंदच आहे तर उरकून घेऊ, म्हणून त्या दिवशी मीच नेटवर्क कार्डाचा नवा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकला होता. साफ विसरलो होतो. तपासलं तर तोच चोर! येणाऱ्या प्रत्येक नोंदीसाठी मेमरी घ्यायचा आणि परत द्यायचाच नाही. जितकी गर्दी, तितकी लवकर सगळी गिळून बसायचा.

जुना ड्रायव्हर परत टाकला. काल आणि आज रांग नाही, रीस्टार्ट नाही.

मॅनेजरसमोर, सगळ्यांदेखत आक्कांची माफी मागितली. "व्हय व्हय, ऱ्हाऊ दे," म्हणाल्या आणि काट्यावर जाऊन बसल्या. माझा स्वतःवरचा राग मात्र अजून उतरलेला नाही... एका बाईची वीस वर्षांची नोकरी मी एका वाक्यात घालवणार होतो.

पुढच्या खंडेनवमीला सर्व्हरला हळद आक्काच लावतील. मी हात जोडून शेजारी उभा राहीन, कीबोर्डला बोटही लावणार नाही.