तर्रीच्या टेबलावर ठरलेला तिसरा अंक

मला एका जागी बसवत नाही. आजही नाही, तेव्हा तर नाहीच. "इच्या पायाले भवरा हाय," असं आई आल्यागेल्याला सांगायची, आणि ते ऐकायलाही मी तिथे नसायची. पाहुण्यांपुढे चहा ठेवून केव्हाच अंगणात पोचलेली असायची. घर पुलगावात, मास्तरकी नाचणगावच्या शाळेत, आणि दोन्हींच्या मध्ये सायकल. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी चोवीस वर्षांची होते, स्थळं येत होती, जात होती. त्यांच्यासमोर मान खाली घालून बसणं म्हणजे मला काळ्या पाण्याची शिक्षा वाटे. गावात मिल होती, स्टेशन होतं, बाजार होता, तरी संध्याकाळ झाली की मला वाटायचं, कुठेतरी काहीतरी चाललंय आणि आपण तिथे नाही.

ते खोटंही नव्हतं. जे काही चालायचं ते स्टेशनकडच्या रस्त्यावरच्या हॉटेलात चालायचं. हॉटेल म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली, दारातच भट्टी, आत चार टेबलं आणि बाकं. सकाळी पोहे आणि त्यावर काळ्या चण्याची लालभडक तर्री, संध्याकाळी आलूबोंडे आणि पुन्हा तीच तर्री. कापसाचा भाव तिथे कळायचा, कोणाची सोयरीक कशावरून मोडली तेही तिथेच कळायचं. बाबा नगरपालिकेत कारकून होते. ऑफिस सुटलं की साडेपाचला ते तिथे जात. भट्टीजवळच्या खांबाला टेकून त्यांची जागा असे आणि ती दुसरं कोणी घेत नसे. घरचा चहा त्यांना पांचट लागे आणि ते आईला तसं तोंडावर सांगत.

बायकांसाठी मागच्या बाजूला फॅमिली रूम होती. नाव मोठं, खोली म्हणजे हिरव्या पडद्यामागे एक टेबल. अमरावतीची मावशी आली की आम्ही तिथे जात असू. पडद्यातून फक्त हात आत यायचा आणि बशी ठेवून जायचा. बाहेर लोक खदखदा हसायचे आणि कशाला हसले ते आम्हाला कळायचं नाही. मावशी शांतपणे खायची. माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

दुसरी गंमत नाटकाची. दरवर्षी शारदोत्सवात मंडळाचं तीन अंकी नाटक होई. मिलमधले हेडक्लार्क ते बसवायचे. नाटक निवडायची त्यांची कसोटी एकच, बाईचं काम एकाहून जास्त नको, कारण त्या एका कामासाठीही नागपूरहून नटी आणावी लागे. त्या वर्षी नागपूरच्या बाईंनी ऐन वेळी जमत नाही म्हणून कळवलं. हेडक्लार्कसाहेबांनी आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला पाहिलं होतं. मी विंगेत उभी राहून सगळ्या पोरांचे संवाद ओठातल्या ओठात म्हणत होते, ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं. त्यांनी मला विचारलं नाही. हॉटेलात बाबांना विचारलं.

बाबा घरी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "गावासमोर तोंडाले रंग लावून उभी राहाची तर राह्य. पन हाटेलात बसलेली मले दिसली, का त्याच दिवशी नाटक बंद."

मी हो म्हटलं. हजार माणसांपुढे परक्या पुरुषाची बायको व्हायला हरकत नाही, आणि दहा माणसांपुढे आलूबोंडा खायला आहे, यातलं तर्कशास्त्र मी त्या वेळी तपासलं नाही. आयतं चालून आलेलं काम हातचं जाईल म्हणून मी गप्प बसले. माझ्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

तालमी प्राथमिक शाळेच्या खोलीत, सहा ते आठ. बाकं एका कडेला रचलेली, फळ्यावर सकाळचा पाढा तसाच. ते दोन तास मी कशी होते म्हणून सांगू, सुखी होते. पाय हलवले तरी कोणी टोकत नव्हतं, उलट हेडक्लार्क म्हणायचे, "बाई, असंच फिरजो, चांगलं दिसते." आठ वाजले की तालीम संपायची. पुरुषमंडळी हॉटेलात जायची आणि मी घरी.

मला हळूहळू कळलं की तालीम संपत नव्हती, तिथे सुरू होत होती. शाळेत आम्ही संवाद म्हणायचो. नाटक ठरायचं ते टेबलावर, तर्री ओरपताना. कोणाचं वाक्य कापायचं, कोणी कुठून यायचं, कुठे पडदा टाकायचा, सगळं तिथे. दुसऱ्या दिवशी मी पाठ केलेलं म्हणायला जावं तर समोरचा वेगळंच बोले. "कालच तर ठरलं," असं वर मलाच सांगत. माझा आधार एकच होता. आमच्या शाळेतले ड्रॉइंगमास्तर नाटकाचे प्रॉम्प्टर होते. ते सकाळी शाळेत मला आदल्या दिवसाचे बदल सांगत आणि कागदात गुंडाळलेला एक आलूबोंडा देत. तर्री कागदात बांधता येत नाही. रात्रीचा गार, कोरडा बोंडा खात मी वहीत खाडाखोड करायची आणि मनात चडफडायची.

तिसऱ्या अंकात माझा मोठा प्रसंग होता. सून वैतागून पिशवी भरते आणि सासऱ्याला सांगते, "मामंजी, मी चालले." सासरा म्हणतो, "थांब, सूनबाई," आणि मग दीड पानाचं भाषण करतो, ते ऐकून ती विरघळते. सासऱ्याचं काम दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे होतं. माणूस देवासारखा, पण ते दीड पान काही केल्या त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. प्रयोगाला दोन दिवस राहिले तेव्हा टेबलावर ठरलं की भाषणच नको. सुनेनं स्वतःच थांबायचं, पिशवी खाली ठेवायची आणि म्हणायचं, "पण जाऊ तरी कुठे?" मग उंबऱ्यावर बसायचं, तेवढ्यात नवरा येतो. म्हणे सगळ्यांना ते फार आवडलं. बायाबापड्या पदर डोळ्याला लावतील असं हेडक्लार्क म्हणाले.

नेमके ते दोन दिवस ड्रॉइंगमास्तर गावी गेले होते. शेवटच्या दिवशी तालीम झाली ती पडदे आणि दिव्यांची, संवादांची नाही. प्रयोगाच्या दिवशी मास्तर परतले, त्यांच्या हाती सुधारलेली वही आली. कंपाउंडरला वाटलं हेडक्लार्कनी मला सांगितलं असेल, हेडक्लार्कना वाटलं मास्तरांनी सांगितलं असेल, आणि मास्तरांना वाटलं दोन दिवसांत कोणीतरी सांगितलंच असेल.

"मामंजी, मी चालले," मी म्हटलं. कंपाउंडर माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याच्याकडे. तो विसरला असं वाटून मी पुन्हा म्हटलं, जरा जोरात. विंगेतून मास्तर काहीतरी सांगत होते, पण ते माझ्या वहीत कुठेच नव्हतं, म्हणून ते कंपाउंडरसाठीच असणार असं मी धरलं. मी पिशवी खांद्याला लावली. तिसऱ्यांदा म्हटलं, "मामंजी, मी खरंच चालले." मागून कोणीतरी स्वच्छ आवाजात म्हणालं, "जाय ना मंग बाई, काऊन थांबून राह्यली?"

सगळा मांडव हसला. मग नवऱ्याचं काम करणाऱ्यानं घाईनं येऊन नाटक कसंबसं संपवलं, ते मला धड आठवत नाही. बाबा तिसऱ्या रांगेत होते. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "जेवून घे."

मग गावानं मला सोडलं नाही. भाजीवाली विचारायची, "बाई, निघाल्या का?" शाळेत पोरं फळ्यामागे कुजबुजायची, मी चालले, मी चालले. मी हसण्यावारी न्यायची आणि सायकल इतक्या जोरात हाणायची की चेन पडायची. सगळ्यात जास्त झोंबलं ते दुसरंच. मला न विचारता त्यांनी त्या बाईला थांबवलं होतं. मी असते तिथे, तर भांडले असते. उभं आयुष्य ज्या घरात गुदमरली, तिथून निघायला पिशवी भरलेली बाई स्वतःहून उंबऱ्यावर का बसेल?

दिवाळीनंतर सिंदी मेघे या गावच्या मंडळाकडे दुसरा प्रयोग आधीच ठरलेला होता. सुट्टीनंतर शाळा उघडली आणि ड्रॉइंगमास्तर माझी नजर चुकवायला लागले. मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं.

"नागपूरच्या बाईले पत्र टाकून राह्यले," ते म्हणाले. "पत्र आज संध्याकाळच्या गाडीनं जाते. तुम्हाले ऐन वेळी सुचत नाई, असं ठरलं."

"कुठं ठरलं?"

"कुठं म्हंजे? हाटेलात."

दिवसभर मी काय शिकवलं देव जाणे. शाळा सुटली तशी सायकल थेट स्टेशनच्या रस्त्याला घातली. घड्याळात सव्वापाच. तालमी नसल्यानं मंडळी आता लवकर बसत होती, आणि बाबांची वेळही हीच, हे मला पक्कं ठाऊक होतं. आत गेले तर घरातून नाटक बंद. नाही गेले तर नागपूरची बाई येणार. उद्यापर्यंत थांबावं तर पत्र आजच जाणार होतं. मी सायकल भिंतीला लावली आणि आत गेले.

हॉटेलवाले काका झारा हातात धरून म्हणाले, "बाई, आतली रूम खाली हाय."

"इथंच बसते," मी म्हटलं, आणि कंपाउंडरशेजारी बाकावर बसले. त्यानं सरकून जागा दिली. हेडक्लार्कच्या सदऱ्याच्या खिशातून पत्राच्या पाकिटाचं टोक दिसत होतं. माझ्यापुढे बशी आली. आलूबोंडा फोडलेला, त्यावर तर्री, वर कांदा आणि चिवडा. पहिल्याच घासाला नाकाडोळ्यांतून पाणी आलं. इतकं तिखट आणि इतकं गरम मी आयुष्यात काही खाल्लं नव्हतं, आणि इतकं चांगलंही नाही. तोंड भाजत असतानाच मी बोलायला लागले. बदल मला कोणीच सांगितला नव्हता, हे आधी सांगितलं. कंपाउंडरनं मान खाली घातली आणि "खरं हाय," म्हणाला. मग मी म्हटलं, सिंदी मेघेत ती बाई थांबणार नाही. "मी चालले" म्हणेल आणि जाईल.

"मंग नाटक संपन कसं?" हेडक्लार्कनी विचारलं.

"तसंच संपन."

वाद सुरू झाला. एकेक जण बोलू लागला, हातवारे करू लागला, मी आहे हे विसरून माझ्याशीच भांडू लागला. मला तर उडी मारावीशी वाटत होती. इतक्यात पायरीवर बाबा दिसले.

मी त्यांना पाहिलं. त्यांनी मला पाहिलं का, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. कारण त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. बराच वेळ पुसला. हॉटेलवाले काका म्हणाले, "या ना भाऊ." बाबा वळले आणि चष्मा हातातच धरून रस्त्याला लागले. हेडक्लार्कनी ते पाकीट काही त्या दिवशी टाकलं नाही.

घरी मी जीव मुठीत धरून गेले. नाटक बंद, हे दोन शब्द कोणत्याही क्षणी येतील म्हणून वाट पाहत राहिले. त्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मग मला वाटलं, जिंकलो आपण. मी रोज हॉटेलात जायला लागले, मोठ्यानं बोलायला लागले, कंपाउंडरच्या बशीतला चिवडा उचलायला लागले. सिंदी मेघेत मी "मी चालले" म्हटलं आणि मांडवाच्या मधून, माणसांमधून बाहेर चालत गेले. कोणी हसलं नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी शाळेला सुट्टी म्हणून मी घरी होते. साडेपाचला बाबा आले, हातपाय धुतले, आणि आईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी तो मुकाट्यानं प्यायला.

ते अंगणात गेल्यावर मी आईला विचारलं, "आज हाटेलात नाई गेले?"

"महिना झाला," आई म्हणाली. "तुले कुठं ध्यान हाय घरात? हाटेलात दिसली तर नाटक बंद, असं म्हनले होते ना तुले. आता त्याईनं दिसाचं कामच ठेवलं नाई."

मला रडू आलं आणि रागही आला. इतकं करायचं होतं तर ती अट मागे घेता आली असती. पण बाबांना शब्द फिरवणं जमत नव्हतं आणि माझं नाटक मोडणंही जमलं नसावं. म्हणून त्यांनी वीस वर्षांची आपली जागा सोडून दिली.

पुढे लग्न होईपर्यंत मी चार नाटकं केली. प्रत्येक प्रयोगाला बाबा आले, पुढच्या रांगेत बसले. साडेपाच वाजले की ते अंगणातून फाटकापर्यंत जायचे, रस्त्याकडे पाहायचे आणि परत यायचे. खांबाजवळ आता मिलमधला एक माणूस बसू लागला होता. मी फाटकातून सायकल काढायची तेव्हा बाबा बाजूला होऊन मला वाट द्यायचे. "बाबा, चला माझ्यासंगं," एवढंच म्हणायचं होतं. पानंच्या पानं पाठ करणाऱ्या मला ते एकदाही म्हणता आलं नाही. ते आले असते की नाही, हे आता कोणाला विचारणार.